एक शहर, सात राज्ये

रविवारची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाली की त्याच सतरंज्यांवर मुलांची अभ्यासिका भरते. त्या दिवशी सामान्यज्ञानाची प्रश्नोत्तरे चालली होती. आम्ही विचारले, "भारतात सर्वांत कमी लोकसंख्येचे राज्य कोणते?" चार हात वर झाले. "सिक्कीम!" लोक किती, म्हणून विचारले, तर एका मुलाने वहीत बघून सांगितले, "२०११ च्या जनगणनेप्रमाणे ६ लाख १० हजार ५७७." आम्ही त्याला शाबासकी देणार, तोच मागच्या रांगेतून आवाज आला. गोवंडीहून मावशीकडे राहायला आलेली सातवीतली मुलगी विचारत होती, "काका, आणि आमच्या गोवंडीत किती लोक आहेत?"

खरे सांगायचे तर आम्हाला उत्तर आले नाही. सिक्कीमचे लोक किती हे आम्हाला पाठ होते आणि आपल्याच शेजारच्या गोवंडीचे ठाऊक नव्हते. "पुढच्या रविवारी सांगतो" म्हणून वेळ मारून नेली आणि आठवडाभर जनगणनेचे आकडे घेऊन बसलो. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. २०२१ मध्ये व्हायची जनगणना कोविडच्या साथीमुळे झाली नाही. त्यामुळे लोकसंख्येचे बहुतेक आकडे २०११ चेच आहेत.

वॉर्ड मोठा की राज्य?

गोवंडी, मानखुर्द, देवनार, शिवाजीनगर हा सारा भाग मुंबई महापालिकेच्या एम-पूर्व वॉर्डात येतो. २०११ साली या एका वॉर्डाची लोकसंख्या होती ८ लाख ७ हजार ७२०. म्हणजे त्या मुलीचा वॉर्ड अख्ख्या सिक्कीम राज्यापेक्षा जवळजवळ दोन लाखांनी मोठा!

आता पुढे पाहा. सिक्कीमला मुख्यमंत्री आहे, राज्यपाल आहे, ३२ आमदारांची विधानसभा आहे, लोकसभेत एक आणि राज्यसभेत एक खासदार आहे, स्वतःचे उच्च न्यायालय आहे. एम-पूर्व वॉर्डाचा कारभार पाहतो एक सहायक आयुक्त. मानखुर्द-शिवाजीनगर आणि अणुशक्तीनगर असे दोन आमदार या भागाला मिळतात आणि काही नगरसेवक. मुंबईचा कचरा मात्र १९२७ पासून देवनारलाच येत राहिला आहे. महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात शहरातल्या सर्व वॉर्डांत शेवटचा क्रमांक कोणाचा होता? याच एम-पूर्वचा.

एका वॉर्डाची ही कथा. मग सगळ्या मुंबईची काय असेल, म्हणून आम्ही बेरीज मांडायला घेतली.

बेरीज

बृहन्मुंबईची म्हणजे कुलाब्यापासून दहिसर आणि मुलुंडपर्यंतच्या शहराची लोकसंख्या २०११ साली १ कोटी २४ लाख ४२ हजार ३७३ होती. एका पारड्यात ही मुंबई ठेवा. दुसऱ्या पारड्यात आम्ही एकेक राज्य टाकीत गेलो. मुलांनी वहीत उतरवून घ्यावे असे हे आकडे आहेत:

सिक्कीम – ६,१०,५७७
मिझोराम – १०,९७,२०६
अरुणाचल प्रदेश – १३,८३,७२७
गोवा – १४,५८,५४५
नागालँड – १९,७८,५०२
मणिपूर – २८,५५,७९४
मेघालय – २९,६६,८८९
सात राज्ये मिळून – १,२३,५१,२४०

सात राज्ये टाकली, तरी मुंबईचे पारडे ९१ हजारांनी खालीच राहिले. आम्ही बेरीज तीनदा करून पाहिली. वाचकांनीही करून पाहावी.

आता जमीन पाहू. या सात राज्यांचे क्षेत्रफळ मिळून होते सुमारे १ लाख ७७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक. बृहन्मुंबईचे क्षेत्रफळ जनगणनेत धरले आहे ६०३ चौरस किलोमीटर. एकटा गोवा मुंबईच्या सहापट मोठा आहे. अरुणाचलात एका चौरस किलोमीटरमध्ये सरासरी १७ माणसे राहतात, तर मुंबईच्या उपनगर जिल्ह्यात २० हजारांहून अधिक. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत ज्यांचे बालपण गेले, रात्री अंथरूण घालताना ज्यांना पाय कुठे करायचे हा प्रश्न पडला, त्यांना हा आकडा समजावून सांगायला नको.

मत एक, वजन किती?

लोकसंख्येची बेरीज सारखी निघाली, तशी प्रतिनिधींची निघते का? सात राज्यांच्या विधानसभांत मिळून ३५२ आमदार बसतात. मुंबईचे आमदार ३६. त्या सात राज्यांत सरासरी ३५ हजार लोकांमागे एक आमदार आहे, तर मुंबईत साधारण साडेतीन लाखांमागे एक. जवळजवळ दहापट फरक! लोकसभेत सात राज्यांचे ११ खासदार आहेत, मुंबईचे ६. राज्यसभेत त्या राज्यांचा प्रत्येकी एक असे ७ आहेत. मुंबईचे म्हणून तिथे कोणीच नाही. सव्वाअकरा कोटींच्या महाराष्ट्राला मिळून १९ जागा आहेत आणि त्यातच मुंबई आली.

हे चुकून झालेले नाही. राज्यघटनेने विधानसभेत किमान ६० सदस्य असावेत असे सांगितले आणि सिक्कीम, मिझोराम व गोवा यांच्यासाठी त्याहून लहान सभागृहाची खास सोय केली. लोकसंख्येच्या प्रमाणात लोकसभेच्या जागा देण्याचा नियमही ६० लाखांपर्यंतच्या राज्यांना लागू नाही. तसे नसते तर सिक्कीमच्या वाट्याला अर्धा खासदारसुद्धा आला नसता.

यावरून कोणी त्या राज्यांवर राग धरू नये. नागालँड १९६३ साली झाले, मेघालय आणि मणिपूर १९७२ साली, सिक्कीम १९७५ साली, मिझोराम, अरुणाचल आणि गोवा १९८७ साली. त्यांतल्या बहुतेकांमागे डोंगराळ प्रदेश, आदिवासी समाजांची वेगळी ओळख, वेगळ्या भाषा आणि दीर्घ झगडे आहेत. दिल्लीपासून दूर राहणाऱ्या लहान समाजाचा आवाज मोठ्यांच्या गर्दीत बुडू नये म्हणून ही तजवीज आहे. दुबळ्याला थोडे झुकते माप देणे म्हणजे अन्याय नव्हे, हे आपल्याइतके कोणाला कळणार? आपली तक्रार वेगळी आहे. लहान राज्यातल्या माणसाला त्याचे सरकार हाकेच्या अंतरावर मिळाले. मग गोवंडीच्या माणसाला ते का मिळू नये?

बाबासाहेबांनी केलेला विचार

राज्य केवढे असावे, या प्रश्नाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार बारकाईने विचार केला होता. १९४८ साली भाषावार प्रांत आयोगापुढे मांडलेल्या निवेदनात त्यांनी मुंबई महाराष्ट्राचीच आहे, हे मुद्देसूद दाखवून दिले. पुढे १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आल्यावर त्यांनी 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स' हे छोटे पुस्तक लिहिले. उत्तरेत अवाढव्य राज्ये आणि दक्षिणेत लहान राज्ये असा तोल बिघडलेला देश नीट चालणार नाही, हे त्यांनी त्यात बजावले. उत्तर प्रदेशाची तीन, बिहारची दोन, मध्य प्रदेशाची दोन राज्ये करावीत असे सुचवले. नीट कारभार करण्याजोगे राज्य म्हणजे सुमारे दोन कोटी वस्तीचे, असे माप त्यांनी धरले होते. मराठी मुलखाची त्यांनी चार राज्ये कल्पिली होती आणि त्यातले एक होते मुंबई शहर व त्याला लागणारा भोवतालचा मुलूख मिळून होणारे मराठी नगरराज्य.

यामागे केवळ कारभाराची सोय नव्हती. राज्य जितके मोठे, तितका त्यातला अल्पसंख्य समाज बहुसंख्यांच्या ओझ्याखाली दबतो, ही त्यांची चिंता होती. इतिहासाने पुढे दुसरे वळण घेतले. १९५६ च्या जानेवारीत मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली, महाराष्ट्र पेटून उठला आणि हुतात्म्यांच्या रक्ताने १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्या लढ्यात गिरणी कामगारांबरोबर आपले लोकही होते. मुंबई महाराष्ट्राची आहे आणि राहील. तिला वेगळे काढा, असे आम्ही म्हणत नाही. पण बाबासाहेबांनी विचारलेला मूळ प्रश्न आजही तसाच उभा आहे. इतक्या माणसांचा कारभार इतक्या दुरून कसा चालायचा?

शहर कसे पसरले?

१८७२ साली मुंबईत शिरगणती झाली, तेव्हा वस्ती होती साडेसहा लाखांच्या आत, म्हणजे जवळजवळ आजच्या सिक्कीमएवढी. १९५० साली आणि पुन्हा १९५७ साली हद्द वाढून शहर दहिसर-मुलुंडपर्यंत गेले. आजच्या हद्दीत मोजले तर १९५१ साली सुमारे ३० लाख, १९७१ साली ६० लाख, १९९१ साली ९९ लाख आणि २००१ साली १ कोटी २० लाख असे आकडे चढत गेले.

मग २०११ ला एक नवल घडले. दहा वर्षांत मुंबईची वाढ जेमतेम चार टक्क्यांवर आली आणि मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या मूळ शहराची वस्ती चक्क घटली. ३३ लाख ३८ हजारांवरून ती ३० लाख ८५ हजारांवर आली. माणसे कुठे गेली? शेजारच्या ठाणे जिल्ह्याचा आकडा पाहा. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. इतका मोठा झाला की २०१४ साली त्यातून पालघर जिल्हा वेगळा काढावा लागला.

या आकड्यांत आपलीच माणसे आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुराडी थंडावली. परळ, लालबाग, वरळीच्या चाळींतल्या खोल्या भावाभावांत पुरेनात. कोणी खोली विकली, कोणाची चाळ टॉवरखाली गेली. थोरला डोंबिवलीला गेला, मधला अंबरनाथला, धाकटा थेट बदलापूर-टिटवाळ्याला किंवा विरार-नालासोपाऱ्याला. आता लग्नकार्याला आणि चैत्यभूमीवर सहा डिसेंबरलाच सगळे भेटतात. पोटाला मात्र रोज मुंबईच लागते. पहाटे चारला उठून डबा करणारी आई आणि बदलापूरहून सीएसएमटीपर्यंत ६८ किलोमीटर उभ्याने येणारा बाप, ही दोघे या पसरलेल्या शहराची खरी ओळख आहेत.

जनगणनेने मुंबईला लागून असलेली ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही शहरे एकत्र धरून आकडा दिला. तो होता १ कोटी ८४ लाख. हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंड ही दोन अख्खी राज्ये मिळून होतात १ कोटी ६९ लाख ५० हजार. त्याहून हे शहर मोठे! यातले एकटे ठाणे शहर गोव्यापेक्षा मोठे आणि कल्याण-डोंबिवली मिझोरामपेक्षा मोठी. वसई-विरार, भिवंडी, पनवेलही जमेस धरले तर मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत. बदलापूरचा माणूस मत बदलापुरात देतो, घाम फोर्टात गाळतो आणि त्याचा जीव टांगलेला असतो रेल्वेच्या डब्यात. तिन्ही ठिकाणचा धनी वेगळा. तक्रार घेऊन जायचे कोणाकडे?

मोजले, पण धरले नाही

२०११ च्या जनगणनेने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ५२ लाख ६ हजार माणसे मोजली. दर शंभरांत जवळजवळ बेचाळीस. त्रिपुरा आणि गोवा ही दोन राज्ये एकत्र केली, तरी ५१ लाख ३२ हजारच भरतात. म्हणजे मुंबईची झोपडपट्टी हेच दोन राज्यांहून मोठे राज्य आहे.

पण मोजणीत येणे निराळे आणि हिशोबात धरले जाणे निराळे. जनगणनेचा माणूस दारात आला तेव्हा त्याने कोणाला विचारले नाही की तुम्ही कोणत्या साली आलात. घर मिळण्याची वेळ आली की हाच पहिला प्रश्न येतो. आधी १ जानेवारी १९९५ ची रेघ होती, ती २०१४ च्या दुरुस्तीने १ जानेवारी २००० झाली. पुढे २०११ पर्यंतच्या झोपडीधारकांना पैसे भरून घर देण्याची तरतूद आली. रेघेच्या अलीकडचा पात्र, पलीकडचा अपात्र. शहर झाडणारे, बांधणारे, धुणीभांडी करणारे हात मात्र दोन्हीकडे सारखेच लागतात.

पाण्याचेही तसेच. तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात जलाशयांतून मुंबईला रोज ३८० कोटी लिटरच्या वर पाणी येते. तरीही इमारतीतल्या माणसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर असे माप महापालिका वर्षानुवर्षे धरीत आली. २००० नंतरच्या वस्त्यांना तर तेही नाकारले जात होते. पाणी हक्क समिती उच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितले, की झोपडी बेकायदेशीर आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली जे पाणी ओंजळीत घेतले गेले, त्याचा हक्क एवढ्या वर्षांनीही याच शहरात न्यायालयातून मिळवावा लागला. दुसरी बाजूही विसरू नये. ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी येते, तिथल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात.

चार वर्षे रिकामे सभागृह

मुंबईला राज्य नाही, पण महापालिका तर आहे ना? आहे, आणि ती श्रीमंतही आहे. २०२५-२६ चा तिचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांच्या वर होता, गोव्यासारख्या राज्याच्या अर्थसंकल्पाहून कितीतरी मोठा. तिच्यात २२७ नगरसेवक निवडून जातात, म्हणजे साधारण ५५ हजार लोकांमागे एक. नळ, गटार, दिवा, दवाखाना, पालिकेची शाळा या रोजच्या गोष्टींसाठी गरिबाला गाठता येईल असा हाच प्रतिनिधी.

पण मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली. प्रभागरचना आणि आरक्षणाचे वाद न्यायालयात गेले आणि जवळजवळ चार वर्षे सव्वा कोटी लोकांचे हे शहर एका प्रशासकाच्या हाती राहिले. मतदान झाले ते जानेवारी २०२६ मध्ये. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असे राज्यघटना स्पष्ट सांगते. राष्ट्रपती राजवटीलासुद्धा घटनेने तीन वर्षांची मर्यादा घातली आहे. सात लहान राज्यांच्या विधानसभा एकदम चार वर्षे बंद ठेवल्या असत्या तर देशभर केवढा गहजब झाला असता! तेवढ्याच माणसांचे मुंबईचे सभागृह रिकामे राहिले आणि आपण नळाच्या रांगेत उभे राहून एकमेकांशी भांडत राहिलो.

आपल्या हातात काय आहे?

संख्या आपोआप शक्ती होत नाही. तसे असते तर एम-पूर्व वॉर्ड सिक्कीमच्या पुढे असता. २०११ साली मुंबईतल्या बौद्धांची संख्याच सुमारे ६ लाख होती, म्हणजे जवळजवळ एका सिक्कीमएवढी. लेबर कॅम्प, बी.डी.डी. चाळी, रमाबाई नगर, सिद्धार्थ कॉलनी अशा वस्त्यांत विखुरलेली ही सहा लाख माणसे सहा डिसेंबरच्या रांगेत एक असतात. सात डिसेंबरला किती एक असतात, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

पुढची जनगणना २०२७ ची म्हणून जाहीर झाली आहे आणि तिच्यात जातवार मोजणीही व्हायची आहे. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी १९७१ च्या लोकसंख्येवर थांबवून ठेवलेली आहे. ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतच. म्हणून या वेळी दारात येणाऱ्या माणसाला घाईघाईत वाटेला लावू नका. घरातली तान्ही मुले, म्हाताऱ्या आजी, पोटमाळ्यावर राहणारा भाऊ, सगळ्यांची नोंद करा. धर्म, जात, भाषा, शिक्षण जे खरे असेल ते स्पष्ट सांगा आणि लिहिले काय ते बघूनच त्याला सोडा. वॉर्ड ऑफिस कुठे आहे, नगरसेवकाचे नाव काय, हे घरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असू द्या.

ठरल्याप्रमाणे पुढच्या रविवारी आम्ही अभ्यासिकेत गेलो आणि फळ्यावर सात राज्यांची बेरीज मांडली. गोवंडीची ती मुलगी पुढच्या रांगेत येऊन बसली होती. तिने ८,०७,७२० हा आकडा वहीत लिहून घेतला, खाली ६,१०,५७७ लिहिले, वजाबाकी केली आणि मान वर करून विचारले, "काका, मग आमच्या शाळेत बाकं का पुरत नाहीत?"

याचे उत्तर आम्ही पुढच्या रविवारी देऊ शकणार नाही. ते आपण सर्वांनी मिळून मागायचे आहे. जयभीम.